गरम पीस मोजायचा नाही

मे महिन्याच्या उन्हात स्वेटर घालून कंपनीच्या बसची वाट बघणारा माणूस तुम्ही कधी पाहिलाय? मी अकरा वर्षं रोज पाहिला. स्वेटर बिनबाह्यांचा, तपकिरी, खिशाशी दोन ठिकाणी रफू केलेला. मोशीच्या स्टॉपवर आम्ही घामानं निथळत उभे असायचो आणि हे आपले शांत. कुणी तरी रोज विचारायचंच, "काय काका, बर्फ पडतोय का?" काका मान वर करून आभाळाकडं नीट बघायचे आणि गंभीरपणे सांगायचे, "अजून तरी नाही."

कारण साधं होतं. कंपनीत ते गेज-रूम सांभाळायचे. म्हणजे मापं तपासायची खोली. तिथं बारा महिने वीस डिग्रीच तापमान ठेवावं लागतं, आणि स्वेटर घरी विसरला तर दिवसभर कुडकुडावं लागतं. म्हणून अंगावरच घातलेला बरा, हा त्यांचा हिशोब. हातात घेऊन का येत नाही असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "हातातली वस्तू बसमध्ये राहते. अंगातली राहत नाही." यावर काय बोलणार, कपाळ!

माझी त्यांची पहिली गाठ पडली ती भांडणानंच. माझं सगळं भांडणानंच सुरू होतं, लपवून काय उपयोग. मी तेव्हा मशीनवर होतो. लाइन थांबलेली, सुपरवायझर डोक्यावर बसलेला. नुकताच कापलेला पीस घेऊन मी गेज-रूममध्ये घुसलो. "काका, माप बरोबर आहे, पटकन सही मारा." काकांनी पीस कपड्यात धरून घेतला, काळ्या दगडाच्या पाटावर ठेवला आणि म्हणाले, "चार तासांनी ये."

"चार तास? अहो, लाइन थांबलीय!"

"लाइन थांबली म्हणून लोखंड गार होत नाही. गरम पीस मोजायचा नाही."

मी काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. चार तासांनी गेलो. पीस गार झाला होता आणि मापात चांगलाच कमी भरला होता. सकाळी सही मिळाली असती तर अख्खा लॉट तसाच गेला असता आणि माझी नोकरीही. काकांनी मला तसं बोलून दाखवलं नाही. एवढंच म्हणाले, "गरम असताना प्रत्येक पीस स्वतःला मोठा समजतो. त्याचा दोष नाही तो."

पुढं योगायोगानं मी घर घेतलं ते त्यांच्याच सोसायटीत. ते तिसऱ्या मजल्यावर, मी चौथ्यावर. आणि मग कळलं की या माणसानं गेज-रूमचा कायदा घरीही लावलाय.

सोसायटीचा मोबाइलवर ग्रुप होता. सगळ्यांचाच असतो. कुणाच्या गाडीसमोर कुणी गाडी लावली, कुणाच्या गॅलरीतून कुणावर पाणी पडलं, लिफ्टमध्ये कुत्रं न्यायचं की नाही, निवडणूक आली की मग तर विचारूच नका. सकाळच्या "शुभ प्रभात"वरून दुपारी एकमेकांचा बाप काढण्यापर्यंत मजल जायची. काका यातल्या कशातच नसायचे. लोकांना वाटायचं त्यांना फोन नीट वापरता येत नाही. ते खोटं होतं. काका एकूण एक मेसेज वाचायचे आणि उत्तरही लिहायचे, फक्त वहीत. कंपनीतल्या जुन्या रिपोर्टांचे पाठकोरे कागद शिवून वही केली होती. तारीख, वेळ, कोण काय म्हणालं, आणि खाली आपलं उत्तर. मग वही मिटून कपाटात. दुसऱ्या दिवशी जेवण झालं की वही उघडायची, उत्तर वाचायचं आणि लाल पेन्सिलीनं रेघ मारायची. क्वचित एखादं रेघेतून सुटायचं, तेवढंच ग्रुपवर यायचं.

"मग लिहिताच कशाला?" मी म्हणालो.

"न लिहून पोटात ठेवलं तर ते गार होत नाही रे. आत राहून जास्त तापतं."

एकदा पार्किंगवरून माझं आणि बी विंगमधल्या एकाचं जुंपलं. मी फोन घेऊन दाण दाण टायपत होतो तेवढ्यात काका वही घेऊन वर आले. खुर्ची ओढून बसले, पेनचं टोपण काढलं. "बोल. मी लिहितो."

मी बोललो. सगळं बोललो. आमच्या नगरकडची भाषा तुम्हाला माहीत असेल. काका सुवाच्य अक्षरात एकेक शिवी उतरवून घेत होते. मध्येच चष्म्यावरून बघून विचारलं, "हा शब्द मघाशी एकदा झालाय. परत घ्यायचा?" बायको स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसत होती. दुसऱ्या दिवशी काकांनी ते मला मोठ्यानं वाचून दाखवलं, त्यांच्या त्या संथ, रिपोर्ट वाचल्यासारख्या आवाजात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लाल पेन्सिल मी मागून घेतली.

मी सुधारलो म्हणता? छे. स्वभावाला औषध नाही म्हणतात ते उगीच नाही.

पण काका भित्रे होते असं कुणी म्हणालं तर मी आजही भांडेन. एकदा सोसायटीतले एक वयस्कर गृहस्थ, विसरायचा आजार झालेले, पार्किंगमध्ये कपड्याचं भान न राहून उभे होते. कुणा दिवट्यानं फोटो काढून ग्रुपवर टाकला, खाली हसण्याच्या खुणा. मिनिटभरात काकांचा मेसेज आला. "फोटो ताबडतोब काढून टाका. ते आपल्या सगळ्यांपेक्षा आधीपासून इथं राहतात. मी खाली जातोय, त्यांना घरी सोडतो." आणि खरोखरच चपला न घालता खाली धावले. फोटो गेला. ज्यानं टाकला होता त्यानं आठवडाभर कुणाला तोंड दाखवलं नाही.

मी संध्याकाळी त्यांना डिवचलं, "आज वही कुठं गेली होती?"

"प्रत्येक ठिकाणी वही नसते," काका म्हणाले. "चालू मशीनवरचा पीस गरमच बघावा लागतो. तिथं गार व्हायची वाट बघत बसलास तर मागून येणारे सगळे भंगारात. थांबायचं कुठं आणि नाही कुठं, एवढंच तर शिकायचं असतं. मला तीस वर्षं लागली."

तीस वर्षं लागली, आणि तरीही ऐन वेळी चुकले. ते सांगायलाच मी बसलोय.

आमच्या सहाव्या मजल्यावर परभणीकडच्या एक ताई भाड्यानं राहायच्या. नवरा नव्हता, एक मुलगी दहावीला. चाकणला शिफ्टला जाणाऱ्या पोरांना त्या डबे द्यायच्या. चपाती, भाजी, आमटी, गुरुवारी खीर. हाताला चव होती बाईच्या. माझा मेहुणा आमच्याकडं राहायचा, तो बहिणीच्या हातचं सोडून त्यांचा डबा खायचा, आता बोला.

गुरुवार म्हणजे आमच्याकडची कारखान्यांची सुट्टी. तशाच एका गुरुवारी सकाळी मेहुणा उलट्या करत उठला. आमच्याच सी विंगमधली आणखी तीन पोरं तशीच. मी तिरीमिरीत फोन उचलला आणि ग्रुपवर लिहिलं, "सी विंगमध्ये आजारी पडलेले सगळे एकाच मेसचे डबे खातात. काय समजायचं ते समजा."

मीच लिहिलं. पहिला मेसेज माझा.

सुट्टीचा दिवस, सगळे घरी, सगळ्यांच्या हातात फोन. वणवा पेटायला वेळ लागला नाही. कुणी विचारलं लायसन आहे का, कुणी म्हणालं राहत्या घरात धंदा चालतोच कसा, कुणी त्यांच्या दाराबाहेरच्या भांड्यांचा फोटो टाकला. ताईंनी एकदा लिहिलं, "मी अन् माझी लेक तेच जेवतो, आम्हाला काही झालं नाही, वर येऊन माझं स्वयंपाकघर बघा." त्यावर एकानं लिहिलं, "असल्या लोकांना सोसायटीत घेतातच कशाला?" त्या मेसेजखाली अंगठे उमटले. एक माझा होता.

काका गप्प होते. मला वाटलं, आहेत आपले वहीत.

काका वहीत नव्हते. त्यांच्या घरीही काकूंना उलट्या होत होत्या, आणि काकूंनी तर मेसचा घासही खाल्लेला नव्हता. काकांनी टॉर्च घेतला, वॉचमनला सोबत घेऊन सी विंगच्या जमिनीखालच्या टाकीचं झाकण उघडायला लावलं आणि वास घेतला. आदल्या दिवशीच टँकर आला होता. सहाव्या मजल्यावर ताईंकडं प्यायला पाण्याचे जार यायचे, स्वयंपाकही त्याच पाण्याचा, म्हणून त्या धडधाकट. दुपारी बारापर्यंत काकांना सगळं कळलं होतं. त्यांनी टाकीतलं पाणी दोन स्वच्छ बाटल्यांत भरलं, वॉचमनकरवी घरोघर, कारण न देता, सांगावा धाडला की हे पाणी कुणी पिऊ नका, आणि स्वतः बाटल्या घेऊन भोसरीला तपासणीला गेले. रिपोर्ट सोमवारी मिळेल असं तिथं सांगितलं. काका "बरं" म्हणून परत आले.

संध्याकाळी ताईंना ग्रुपमधून काढून टाकलं. शुक्रवारी पोरांनी डबे बंद केले. शनिवारी घरमालक येऊन दारात उभा राहिला. रविवारी सकाळी खाली टेम्पो लागला.

सोमवारी रिपोर्ट आला. काकांनी त्याचा फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "दोष टाकीतल्या पाण्याचा आहे. मेसच्या जेवणाचा संबंध नाही. हे मला गुरुवारी दुपारीच समजलं होतं. मी बोललो नाही, ही माझी चूक."

पुन्हा अंगठे आले. हात जोडल्याच्या खुणा आल्या. दहा मिनिटांत टँकर कुणाच्या ओळखीतून लावला यावर जोरात भांडण सुरू झालं. ताईंबद्दल एका शब्दानं कुणी विचारलं नाही. मीही नाही.

मंगळवारी बसमध्ये मी त्यांच्या शेजारी बसलो. आपली लाज झाकायला माणूस दुसऱ्यावर ओरडतो, तसा मी ओरडलो. "काका, तुम्हाला गुरुवारीच माहीत होतं! चालू मशीनवर थांबायचं नाही असं तुम्हीच सांगता ना? मग? वॉचमनला घरोघर पाठवता आणि ग्रुपवर एक ओळ लिहिता येत नाही?"

कंटेनरची रांग लागली होती, बस जागची हलत नव्हती.

"ती बाई बौद्ध आहे," काका म्हणाले. "मीही. सोसायटीत हे कुणाला ठाऊक नाही असं थोडंच आहे? मी पहिल्या तासात तोंड उघडलं असतं तर लोक म्हणाले असते, काका आपल्या माणसाची बाजू घेतायत. माझ्या शब्दाचं वजन तिथंच संपलं असतं. म्हटलं, कागद हातात येऊ दे. कागदाला कुणी जात विचारत नाही."

असं काही कुणाच्या मनात नसतं हो काका, असं मी म्हणणार होतो. तोंडही उघडलं होतं. मग तो "असल्या लोकांना" आठवला आणि त्याखालचा माझा अंगठा आठवला. मी तोंड मिटलं. आयुष्यात मी फार थोड्या वेळा तोंड मिटलंय, त्यातली ती एक वेळ.

काका निवृत्त होऊन देहूरोडला भावाशेजारी राहायला गेले, त्याला आता वर्ष होईल. जायच्या आधी सोसायटीनं हॉलमध्ये त्यांचा सत्कार केला. शाल, नारळ, भाषणं. प्रत्येकानं उठून तेच सांगितलं, की एवढी वर्षं ग्रुपवर राहून हा माणूस कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात, आदर्श घ्यावा तर असा. टाळ्या पडत होत्या. काका मांडीवरच्या नारळाकडं बघत बसले होते. एकदाही मान वर केली नाही. ते खाली का बघतायत हे त्या हॉलमध्ये मला एकट्याला ठाऊक होतं, कारण त्या बसमधल्या बोलण्यानंतरच्या गुरुवारी मी त्यांच्याबरोबर चाकणजवळ महाळुंग्याला, ताईंच्या नव्या खोलीवर गेलो होतो.

जायचं त्यांनी ठरवलं होतं. ताईंना ग्रुपमधून काढलेलं, म्हणजे काकांचा तो मेसेज त्यांना दिसलेलाच नव्हता. "चुकीचा रिपोर्ट ज्याच्या नावावर गेला, दुरुस्त रिपोर्ट त्याला हातात द्यायचा असतो," काका म्हणाले. डबा खाणाऱ्या एका पोराकडून पत्ता काढला. मी "येतो" म्हणालो. त्यांनी नको म्हटलं नाही.

कारखान्यांच्या मागं पत्र्याच्या खोल्यांची रांग होती, त्यातली शेवटची. ताई एका कंपनीच्या कँटीनमध्ये भाजी चिरायला लागल्या होत्या. बोटांना चिंध्या बांधलेल्या. मोठी पातेली खोलीत मावत नव्हती म्हणून बाहेर पालथी घातलेली. मुलगी आत अभ्यास करत होती. तिनं आम्हाला बघितलं आणि उठून पडदा ओढून घेतला. ते वर्ष तिचं दहावीचं होतं, आणि शाळा आता दोन बस बदलून.

"कामून आलात एवढ्या लांब?" ताई म्हणाल्या. रागावून नाही. खरंच कळत नव्हतं त्यांना.

काकांनी रिपोर्ट पुढं केला. काय लिहिलंय ते समजावून सांगितलं. ग्रुपवर काय लिहिलं तेही शब्दन् शब्द सांगितलं. ताईंनी कागद घडी करून कपाळाला लावला आणि डाळीच्या डब्याखाली ठेवला. "बरं झालं," म्हणाल्या. "पोरीला दाखवते."

मग मी बोललो. कसंबसं. "ताई, पहिला मेसेज माझा होता. मला माफ करा."

"ठावं हाय की मला," त्या म्हणाल्या. "तुमचा राग नाही आला, भाऊ. तुमी सगळ्यांशीच भांडता. तुमचं कोण मनावर घेतं?"

थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. शेजारी काका हात जोडून उभे होते, आणि त्यांनाही माफी मागायची होती हे त्यांच्या ओठांवरून दिसत होतं. ताईंनीच त्यांना सोडवायला घेतलं असं मला वाटलं. "काका, तुमी कशाला हात जोडता? तुमी तर एक शब्द बोलला नाहीत."

"तेच," काका म्हणाले.

ताईंनी डाळीचा डबा नीट सरकवला. मग म्हणाल्या, "त्या दिवशी मी चूल बंद करून फोन घेऊन बसले होते, काका. दुपारी तुमचं नाव वर आलं, टायपिंग म्हणून. मी पोरीला हाक मारली, म्हणलं काका लिहायलेत, काका खरं लिहितील. मग नाव गेलं. परत आलं. परत गेलं. तीनदा आलं तुमचं नाव. चौथ्यांदा येईल म्हणून आमी दोघी मायलेकी फोनकडं बघत बसलो. मग मला काढूनच टाकलं."

काकांनी वहीत नाही, थेट फोनवर लिहायला घेतलं होतं. तीनदा. हे त्यांनी मलाही सांगितलं नव्हतं. मी त्यांच्याकडं बघितलं. सुट्टीलाही अंगात असलेल्या स्वेटरच्या रफू केलेल्या जागी त्यांनी मूठ घट्ट धरली होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. अकरा वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

"मी लिहिलं असतं," काका कसेबसे म्हणाले, "तर तुमचं घर राहिलं असतं का?"

ताईंनी खरंच विचार केला. खोटा धीर द्यायचा म्हणून नाही.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "जावं तर लागलंच असतं. पण त्या दिवशी मी अन् माझी लेक डोक्यावर पातेली घेऊन सहा मजले जिन्यानं उतरलो, कुणाचं तोंड दिसू नये म्हणून. तुमी लिहिलं असतं, तर आमी लिफ्टनं गेलो असतो."